दर्यापूर ते चिखलदरा आणि परत: २४ युनिटांच्या बॅटरीचा हिशेब

दर्यापूर, अंजनगाव सुर्जी, परतवाडा, चिखलदरा. जाऊन-येऊन साधारण १८० किलोमीटर. गाडी २४ युनिटांच्या बॅटरीची छोटी इलेक्ट्रिक हॅचबॅक, माणसं चार, सामान बेताचं, एसी पूर्ण वेळ चालू. (बॅटरीचं केडब्ल्यूएच आणि आपल्या घरच्या मीटरवरचं युनिट एकच.) कंपनीच्या कागदावरची रेंज १८० पेक्षा बरीच जास्त असते, त्यामुळे एका चार्जमध्ये जाऊन येता येईल असं कुणालाही वाटतं. येत नाही. कुठे अडतं ते टक्क्यांत पाहू, कारण गाडी घ्यावी की नाही हेही त्यातूनच कळतं.

सकाळी सहाला १०० टक्क्यांवर सुरुवात. परतवाड्यापर्यंतचे ६० किलोमीटर सपाट आहेत. अंजनगावचे पानमळे, पुढे संत्र्याचे बगीचे, अधूनमधून खड्डे आणि गावागावांतले गतिरोधक. वेग ताशी ५५ ते ६५. या वेगाला १०० किलोमीटरला ११ ते १२ युनिटं लागतात, म्हणून परतवाड्यात ७० टक्के उरले. हाच पट्टा ८५-९० ने काढला तर आकडा लक्षणीय खाली येतो, कारण हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. एसीचा खर्च तासाला साधारण एक युनिट, म्हणजे चार टक्के. हेडलाइट आणि वायपरचा खर्च नगण्य, त्यासाठी अंधारात गाडी हाकू नका.

परतवाड्यापासून चिखलदरा सुमारे ३० किलोमीटर, पण चढ सातशे-साडेसातशे मीटरचा. चौघांसकट गाडीचं वजन दीड टन धरलं तर प्रत्येक १०० मीटर चढाला साधारण अर्धं युनिट, म्हणजे दोन टक्के. हा नियम लक्षात ठेवा, सातपुड्यातल्या कुठल्याही घाटाला चालतो. रस्त्याचा खर्च १२ टक्के, चढाचा १६. वर पोचलो तेव्हा स्क्रीनवर ४२. घाटात ‘उरलेले किलोमीटर’ भराभर खाली येतात. तो अंदाज मागच्या काही किलोमीटरच्या खर्चावर काढलेला असतो, त्यामुळे चढावर उगाच घाबरवतो आणि उतारावर उगाच धीर देतो. नजर टक्क्यांवर ठेवा.

आता परतीचं गणित. उतरताना गाडी ब्रेकची ऊर्जा बॅटरीत परत घेते (यालाच रिजन म्हणतात), पण चढायला लागलेल्यातली निम्म्याच्या आसपासच हाती येते. रस्त्याचा खर्च वजा जाता परतवाड्यापर्यंत निव्वळ चार टक्के जातात: ४२ चे ३८. तिथून घरापर्यंत ३०. दर्यापूरला आठ टक्के उरतात. कागदावर जमलं. पण चिखलदऱ्याला जाऊन कुणी गाडी उभी ठेवत नाही. देवी पॉइंट, पंचबोल, भीमकुंड, गाविलगड धरून १५ ते २० किलोमीटर होतात. तेवढ्यात ते आठ टक्के संपले. वाटेत एखादा पूल बंद असला आणि वळसा पडला, तर गाडी अंजनगावच्या पुढे कुठल्यातरी फाट्यावर उभी राहील.

म्हणून वर एक सॉकेट हवंच. मुक्कामाची जागा ठरवताना फोनवर नेमके प्रश्न विचारा: १५ अँपिअरचं सॉकेट पार्किंगपासून किती फुटांवर आहे, त्याला आर्थिंग आहे का, आणि रात्री लाइन गेली तर जनरेटर लागतो का. जनरेटरवर बरेच चार्जर सुरूच होत नाहीत, कारण त्यांना नीट आर्थिंग दिसत नाही. एक्स्टेन्शन स्वतःचं न्या, किमान २.५ स्क्वेअर एमएम तांब्याच्या तारेचं, आणि ते पूर्ण उलगडून टाका. गुंडाळीत राहिलेली वायर पाच तासांच्या लोडने तापून वितळते. अर्ध्या तासाने प्लगला हात लावून पाहा. कोमट चालेल. चटका बसला, पिनेभोवती तपकिरी कड दिसली किंवा बेकेलाइट (सॉकेटचं टणक प्लास्टिक) जळल्याचा वास आला तर लगेच बंद करा. सॉकेटची पकड ढिली झालेली असते. आणि वापरलेल्या युनिटांचे पैसे न मागता द्या, म्हणजे पुढच्या ईव्हीवाल्यालाही दार उघडं राहील.

रात्री दहाला ३४ टक्क्यांवर लावलेली गाडी पाच तासांत ८५ वर आली. तिथेच थांबवली, मुद्दाम. बॅटरी भरलेली असली की उतारावर ऊर्जा घ्यायला जागा उरत नाही, गाडी रिजन बंद करते आणि सगळा भार साध्या ब्रेकवर येतो. धुक्यातल्या ओल्या वळणांवर ते नको. रिजन सगळ्यात वरच्या पातळीवर ठेवून उतरलं तर बहुतेक वळणांवर पेडल सोडल्यानेच वेग आवरतो. घरी पोचलो तेव्हा ५० टक्क्यांच्या आसपास होते. मुक्काम नसेल तर जेवणाच्या वेळी दोन तास चार्जिंग पुरतं. त्यात २० टक्के मिळतात. फास्ट चार्जरच्या भरवशावर निघणार असाल तर त्याचं ॲप गावातच उघडून पैसे भरून ठेवा. घाटात नेटवर्क जातं.

पण चिखलदऱ्याला वर्षातून दोनदा जाणं होतं. गाडी घ्यायची की नाही हे ठरवणारी खरी जागा घरच्या भिंतीवर आहे.

आधी होल्टेज मोजा. साधा मल्टीमीटर पुरे. सकाळी, संध्याकाळी सात ते दहा आणि रात्री अकरानंतर, असा आठवडाभर. डीपीपासून (गावातल्या ट्रान्सफॉर्मरपासून) घर लांब असेल तर संध्याकाळी १८० पर्यंत खाली जातं, आणि तेवढ्यावर चार्जर थांबतो किंवा रेंगाळतो. गाडीत ठरावीक वेळी चार्जिंग सुरू करायची सोय असते, ती रात्री अकराला लावा. मग इस्त्री चालू करून पुन्हा मोजा: पाच-सात होल्टपेक्षा जास्त पडलं तर वायर किंवा जोड कच्चा आहे. न्यूट्रल आणि आर्थिंगमध्ये दोन-तीन होल्टच्या वर दिसलं तर आधी आर्थिंग दुरुस्त करा. मीटरपासून गाडीपर्यंत वेगळी लाइन ओढा: ४ स्क्वेअर एमएम तांबं, २० अँपिअरचा एमसीबी, ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळाली की लाइन तोडणारा स्विच).

आर्थिंगकडे आपल्याकडे विशेष पाहावं लागतं. दर्यापूरचा भाग खारपाणपट्ट्यातला. मातीत मीठ असल्याने वीज जमिनीत छान उतरते, पण तेच मीठ लोखंडी पाइप आणि त्यावरचा क्लॅम्प खातं. क्लॅम्प जमिनीच्या वर ठेवा, दरवर्षी उघडून पाहा, पांढरी-हिरवी पपडी दिसली की घासा किंवा बदला. खारपाणाबाहेरच्या काळ्या जमिनीत उलटं: उन्हाळ्यात जमीन भेगाळते, खड्डा कोरडा पडतो आणि एप्रिलपासून चार्जर चूक दाखवू लागतो. आठवड्याला दोन बादल्या पाणी टाका.

वावरातल्या मोटारपंपाच्या कनेक्शनवर गाडी लावू नका. ज्या कामासाठी जोडणी दिली त्याहून वेगळा वापर विद्युत कायद्याच्या कलम १२६ खाली येतो, आणि शेतीच्या लाइनीला वेळापत्रकही असतं.

हे सगळं नीट असेल तर रोजच्या धावेचं पाहा. दर्यापूरहून अमरावतीला जाऊन-येऊन ११० किलोमीटरच्या आसपास. २४ युनिटांची बॅटरी निम्म्याहून थोडी जास्त लागते, रात्रीत भरून निघते. अशा माणसाने खुशाल घ्यावी. महिन्याला १,००० किलोमीटर धावलं तर चार्जिंगची गळती धरून १३० युनिटांच्या आसपास लागतात. एवढ्याने घरचं बिल १०० युनिटांच्या पुढच्या महाग स्लॅबमध्ये जातं, म्हणून सोलर बसवायचा विचार असेल तर तो गाडीसोबतच करा.

ज्याला महिन्यातून चारदा नागपूर गाठावं लागतं, त्याला ही बॅटरी त्रास देईल. एका बाजूचेच २०० किलोमीटर होतात आणि मध्ये तासभर फास्ट चार्जिंग अटळ. त्याने ४० युनिटांच्या वरची बॅटरी बघावी किंवा घरात दुसरी गाडी असेल तरच छोटी घ्यावी. आणि बॅटरी कोणतीही असो, म्हातारं माणूस किंवा लेकरू घरात असेल तर संध्याकाळी गाडी ४० टक्क्यांखाली ठेवून झोपू नका. रात्री दोनला अमरावतीचा दवाखाना गाठायला चार्जिंगची वाट पाहता येत नाही.