भरवशाचा फेंगशुईवाला

"ताई, एखादा भरवशाचा फेंगशुईवाला सांगा ना. तुमच्या ओळखीत असेलच." पुण्यात इंटीरियरची कामं घेते, त्यामुळे मॉड्युलर किचनच्या दराइतक्याच वेळा हे विचारलं जातं. आजवर "बघते, कळवते" म्हणत सटकत आले. आता लिहूनच टाकते.

सोपं आधी. येताच पिशवीतून विकायला आणलेला तीन पायांचा 'शुभ' बेडूक काढणाऱ्याला चहा द्या आणि वाटेला लावा. (तो देतो तो लकी बांबूही बांबू नसतोच, ड्रेसीना असतो.) घरात कुणी जाईल, मुलाचं लग्न अडेल असली भीती घालणारा नको. आणि इमारत कधीची हे न विचारता 'फ्लाइंग स्टार'चा, म्हणजे घरातल्या शुभ-अशुभ जागांचा, तक्ता मांडणारा तर मुळीच नको. ती पद्धतच वीस-वीस वर्षांच्या कालखंडांवर उभी आहे. 2024च्या फेब्रुवारीत नववा सुरू झाला. वर्षच माहीत नाही तर हा मांडतो कशावर?

एवढं येतं, तर नाव का देत नाही? एकदा दिलं होतं म्हणून.

आत्याचा फ्लॅट चिंचवडला, दुसरा मजला, 1996ची इमारत. काका गेल्यावर तिला त्या घरात झोप लागेना. मी एका गृहस्थांचं नाव सुचवलं. त्यांनी काही विकलं नाही, घाबरवलं नाही, इमारतीचं वर्ष विचारलं, पुढे लेखी रिपोर्टही दिला. वरच्या सगळ्या परीक्षा पास. लुओपान, म्हणजे त्यांचं ते चिनी होकायंत्र, छातीशी धरून ते दारात उभे राहिले. लोखंडी सेफ्टी डोअर उघडून भिंतीला टेकलेलं होतं, त्यांच्या कोपरापासून जेमतेम वीतभर. सुई थरथरली, थांबली. त्यांनी आकडा लिहून घेतला.

माझ्या पिशवीत त्या फ्लॅटचा मंजूर नकाशा होता, कोपऱ्यात उत्तरेचा बाण असलेला. त्यांचा आकडा आणि तो बाण यांत तीसेक अंशांचं अंतर. लुओपानवर चोवीस घरं असतात, पंधरा-पंधरा अंशांची. म्हणजे दोन घरं चुकली. "सर, जरा गॅलरीत जाऊन परत बघता का?" एवढंच म्हणायचं होतं. नाही म्हटलं.

त्या वर्षी त्यांच्याकडून मला तीन कामं आली होती. झालं, हेच कारण. बाकी सगळी मागाहून सुचलेली. तेव्हाची मी स्वतःला सांगायची, तू हे शास्त्र मानतच नाहीस, मग तीस अंश चुकले काय नि न चुकले काय! बिनतोड आहे हो. आजही मला ते धड खोडता येत नाही. फक्त फुटला तो ओटा आत्याचा होता.

तिच्या जन्मवर्षावरून गॅसचं तोंड अमुक दिशेला हवं, म्हणून ओटा समोरच्या भिंतीला गेला. काम मीच केलं. आत्याने एफडी मोडली, 1 लाख 80 हजारांची. सिंकचा पाइप लांबला, त्याला उतार पुरेना, आणि दोन महिन्यांत खालच्या काकूंच्या छताला ओल धरली. आत्या गुडघे सांभाळत जिना उतरून माफी मागायला गेली. ओल मी नंतर काढून दिली, पदरचे पैसे घालून. पण त्या दोघींच्या वाटीभर भाजीची ये-जा थांबली ती थांबलीच.

आता तुम्ही म्हणाल, बघा, सगळा भोंदूपणा. तर तसंही नाही. आत्याला झोप लागायला लागली. ओटा फुटायच्या आधीच, तो माणूस येऊन गेल्यापासून. दोन तास त्याने तिला घराबद्दल, काकांबद्दल विचारलं होतं. आम्ही भाच्या-पुतण्यांनी तेवढं कधी विचारलं होतं? त्याचा परिणाम, की डॉक्टरांनी बदललेल्या गोळीचा, मला सांगता येत नाही. तो माणूस खोटा नव्हता, एवढं मात्र मी आजही म्हणेन.

म्हणून नाव मागू नका. आकडा तीन ठिकाणी, लोखंडापासून लांब घ्यायला लावा. सोसायटीतून मंजूर नकाशा आणून बाणाशी ताडून बघा. पाणी, गॅस किंवा भिंत हलवायची भाषा निघाली तर आधी महिनाभर नुसता पलंग फिरवून झोपा. आणि जो नाव सुचवेल त्याला तोंडावर विचारा, यात तुझं काय? आत्याने मला विचारलं नाही. भाचीला कोण विचारतं?

गेल्या दिवाळीत त्याच ओट्यापाशी आम्ही करंज्या करत होतो. "दिशा बरोबर बसली ना गं आता?" तिने विचारलं. मी मुरड घालत होते. हो म्हटलं.