शिक्रा एकदाचा मिळाला (बहुतेक)

रविवार, 20 एप्रिल

मागच्या रविवारचं आधी लिहून टाकतो, म्हणजे लाज एकदाच वाटेल. एम्प्रेस गार्डनमध्ये एक राखाडी पट्ट्यापट्ट्यांचा पक्षी मिळाला, फोटो झक्कास आला, लगेच फॅमिली ग्रुपवर 'शिक्रा, पुणे' म्हणून टाकला (शिक्रा म्हणजे बाकदार चोचीचा छोटा शिकारी पक्षी), धडाधड अंगठे आले. संध्याकाळी बिल्डिंगमधला आठवीतला कार्टा लिफ्टमध्ये म्हणतो, काका तो पावशा आहे, चोच बघा ना सरळ आहे. म्हणजे 'पेरते व्हा' ओरडणारा तोच पावशा! पण तो दिसतो हुबेहूब शिक्र्यासारखा, उडतोही तसाच, चार वेळा पंख मारायचे मग तरंगायचं. छोटे पक्षी बिचकतात आणि हा सातभाईंच्या घरट्यात अंडी घालून मोकळा. सातभाई फसतात तिथे माझं काय घेऊन बसलात.

तर आज परत गेलो. तासभर नुसत्या घारी, त्या तर आमच्या गच्चीवरूनही दिसतात. कंटाळून चहाला निघणार तेवढ्यात एक खार जी ओरडायला लागली चिर्र चिर्र चिर्र, शेपटी झटकत, थांबायलाच तयार नाही, आणि इतका वेळ कलकल करणारे बुलबुल एकदम गप्प. ती जिकडे तोंड करून ओरडत होती तिकडे बघितलं तर आडव्या फांदीवर तो बसलेला. पायाखाली सरडा.

पहिले तीसेक फोटो वाया. काल भाचीच्या वाढदिवसाला हॉलमध्ये कॅमेऱ्याचं शटर 1/60 सेकंदावर, म्हणजे हळू, ठेवलेलं तसंच राहिलं होतं, त्यात 600 एमएमची लेन्स हातात धरून, म्हणजे सगळे फोटो हललेले. मग 1/1000 केलं तर फोकस पुढच्या पानावर जाऊन बसायला लागला. शेवटी खाली बसलो, कोपर गुडघ्यावर टेकवलं आणि एक एक काढत गेलो.

डोळा लाल, म्हणजे नर (मादीचा पिवळसर असतो आणि ती आकाराने मोठी, हे आता पाठ केलंय). डोक्यापासून सुरुवात केली त्याने. एक पाय सरड्यावर दाबून मान खाली, एक झटका, तुकडा, मग मान वर करून इकडे तिकडे बघणार, परत खाली. सरड्याची शेपटी अजून जराजरा हलत होती. मधेच चोच फांदीला घासली, या बाजूने एकदा, त्या बाजूने एकदा, बायका सुरीला धार लावायला पाट्यावर घासतात ना तशी. आणि माझ्याकडे बघितलं सरळ, तेव्हा मात्र बोट बटणावर तसंच राहिलं, तो फोटो नाहीये.

दहाएक मिनिटांनी दोन कावळे आले तसा तो उरलेला सरडा घेऊन झाडांमधून खालच्या खाली निघून गेला. खार त्यानंतरही पाच मिनिटं ओरडतच होती.

412 फोटो, त्यातले धड 6.

यावेळी ग्रुपवर टाकायच्या आधी त्या पोराला दाखवला. त्याने झूम करून चोचीचा बाक बघितला, मग गळ्यावरची मधली बारीक काळी रेघ, म्हणाला, हो काका, शिक्राच. माझी छाती फुगते न फुगते तोच, 'पण सरडा कुठला आहे?'