सड्यावरून घरात आलेले इंटरनेट

आज दुपारी राजापूर तालुक्यातल्या आमच्या घरी फायबरची जोडणी पूर्ण झाली. जांभ्या कातळात चर खणणे फार खर्चिक असल्यामुळे केबल खांबांवरून आणली आहे आणि तिचा शेवटचा टप्पा आमच्याच आंब्यांमधून गेला आहे. जोडणीसाठी आलेल्या तरुणाने केसासारखी बारीक काचेची तार सोलली, स्पिरिटने पुसली, सरळ कापली आणि मशिनमध्ये दुसऱ्या तारेशी वितळवून सांधली, तेव्हा आई पडवीत उभी राहून ते सारे एकटक पाहत होती.

तांब्याच्या तारेत अंतर वाढते तसा संदेश क्षीण होत जातो आणि आमचे घर टेलिफोन एक्स्चेंजपासून बरेच लांब असल्याने जुन्या लाईनवर जेमतेम १ एमबीपीएस वेग मिळायचा. माझी भाची त्यामुळे गेली दोन वर्षे ऑनलाइन सराव परीक्षेसाठी मोबाइल घेऊन सड्यावर, म्हणजे कातळाच्या उघड्या पठारावर, उन्हात जाऊन बसत असे. आज तिने माजघरात बसून पेपर सोडवला, याचे मोल मला ५० एमबीपीएसच्या आकड्याहून अधिक वाटते.

ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेण्याची केंद्राची योजना, जिला पुढे भारतनेट हे नाव मिळाले, ऑक्टोबर २०११ मध्ये मंजूर झाली होती; परंतु ग्रामपंचायतीपासून उंबरठ्यापर्यंतचे अंतरच खरे अवघड, असे माझे मत आहे. पावसाळ्यात फांद्या पडून केबल तुटू नये म्हणून येत्या रविवारी वाडीतले आम्ही सारे मिळून तिच्या वाटेवरची झाडे छाटणार आहोत.