संकासुराचा गॉगल

आजची दुपार वेंगुर्ल्यात एका चित्रकार मित्राच्या पडवीत गेली. मोडक्या होडीच्या फळ्या, नायलॉनची फाटकी जाळी, कॅसेटच्या फिती आणि सिनेमाची जुनी पोस्टरे जुळवून तो भिंतीएवढी चित्रे करतो. किनाऱ्यावरून आणलेली फळी तो लगेच वापरत नाही. अंगात खार मुरलेल्या लाकडावरून रंगाचे पापुद्रे सुटतात, म्हणून ती काही आठवडे गोड्या पाण्यात बुडवून, पाणी वरचेवर बदलून, मग सावलीत वाळवावी लागते. सध्या त्याने दशावतार या कोकणातल्या लोकनाट्यातल्या संकासुर राक्षसाला सिनेमातल्या नायकाचा गॉगल चढवायला घेतला आहे. संकासुराच्या काळ्या अंगासाठी फिती ओळीने चिकटवल्या आहेत आणि वारा आला की त्यांची सुटी टोके सळसळतात. जर्मनीत कुर्ट श्विटर्स या चित्रकाराने १९१९ च्या सुमारास ट्रामची तिकिटे आणि फळकुटे चिकटवून चित्रे केली होती, हे मी (विद्वत्ता दाखवण्याची खोड जात नाही) त्याला ऐकवले. त्यावर तो एवढेच म्हणाला, "तेका आमचो पावस सोसूचो नाय लागलो!" गॉगलच्या एका काचेसाठी लाटांनी घासलेला हिरव्या बाटलीचा तळ मिळाला आहे, जोडीचा दुसरा अजून सापडलेला नाही, कुणाला किनाऱ्यावर दिसल्यास कृपया उचलून ठेवावा.