एका खोलीतला हिवाळा

१२ जानेवारी

आज वरचा मजला बंद केला. दारांखालच्या फटींत जुन्या चादरी कोंबल्या, अंथरुणं खाली आणली आणि सगळं घर एका खोलीत आलं. मधोमध तंदूर, म्हणजे इथली पत्र्याची शेगडी. धुराडं छतातून बाहेर, वर एका वेळी दोन पातेली बसतात, आत बेलीची लाकडं. बेली म्हणजे विलो. लाहौलमध्ये, म्हणजे हिमाचलातल्या आमच्या या खोऱ्यात, पाण्याच्या कडेकडेने माणसांनीच लावलेली ही झाडं. दर काही वर्षांनी त्यांच्या फांद्या छाटतात, पाला गुरांना जातो आणि लाकूड हिवाळ्यासाठी रचून ठेवतात.

सासरे, अम्मा, नवरा, धाकटा दीर, मुलगी आणि मी. सहा जणांचं जेवण, झोप, अभ्यास, रुसवेफुगवे आता मार्चपर्यंत या चार भिंतींत. बसायच्या जागा ठरलेल्या आहेत. शेगडीच्या आतल्या अंगाला सासरे, शेजारी अम्मा, मग वयाप्रमाणे आम्ही. दाराजवळ दीर, कारण लाकडं आणायला उठतो तोच. मुलगी मात्र कुठेही बसते.

लग्न होऊन आले त्या वर्षी सगळ्यांनी मला थंडीची भीती घातली होती. थंडीला लोकर आहे, लाकूड आहे. अवघड असतं ते दिवसरात्र कुणाच्या ना कुणाच्या नजरेसमोर असणं. ते कसं निभवायचं हे अम्मांनी मला एक शब्दही न बोलता शिकवलं. मी आणि नवरा हलक्या आवाजात बोलू लागलो की त्या विणकाम उचलून खिडकीकडे तोंड करतात. सासऱ्यांना गप्प बसायचं असलं की ते डोळे मिटून माळ ओढतात. तेव्हा त्यांना चहाचंही विचारायचं नाही, पेला नुसता शेजारी ठेवायचा. आणि माझ्या आईचा फोन आला की सगळे आपसांत जरा मोठ्याने बोलायला लागतात. मराठी इथे कुणालाच कळत नाही, तरीसुद्धा. इतकी माया मी दुसऱ्या कुठल्या रीतीत पाहिलेली नाही.

१७ जानेवारी

परवा नवरा खाली कुल्लूला गेला. सासऱ्यांच्या रक्तदाबाच्या गोळ्या, गॅसचं सिलिंडर, मुलीला बूट. काल दुपारी आभाळ पश्चिमेकडून भरत आलं आणि तेव्हापासून बर्फ पडतोय. इथला हिवाळ्यातला बर्फ भूमध्य समुद्राकडून येणाऱ्या वाऱ्यांचा, त्याला हवामानवाले पश्चिमी विक्षोभ म्हणतात. सासरे हवा ओळखतात ती समोरच्या शिखरावरच्या ढगावरून. त्यांनी सांगितलं, तीन दिवस तरी.

पहाटे पाचला छतावर. आमची छतं सपाट, मातीची. तुळया, त्यांवर फांद्या, त्यांवर दाबून बसवलेली माती. बर्फ तसाच राहिला तर वजन येतं आणि वितळला तर पाणी आत झिरपतं. लाकडी फावड्याने ढकलत कडेपर्यंत न्यायचा आणि खाली लोटायचा, पण शेजाऱ्यांच्या वाटेवर नाही. ती कड कुठली, हे प्रत्येक घराचं ठरलेलं असतं.

मुलीला चौथीचं गणित म्हणून मी छताचा हिशोब घातला. ताजा, भुसभुशीत बर्फ घनमीटरला ५० ते १०० किलो भरतो, दबून बसलेला २०० ते ३००. छत १० मीटर लांब, ८ मीटर रुंद, वर अर्धा मीटर दबलेला बर्फ. तिने २०० ने गुणून उत्तर काढलं, ८,००० किलो. मग एक हत्ती किती किलोचा ते विचारलं आणि आजोबांना जाऊन सांगितलं, "मेमे, आपल्या डोक्यावर दोन हत्ती होते."

दीर आमच्या छताला हात लावण्याआधी पलीकडच्या घरी गेला. तिथे दोघंच म्हातारी माणसं. मुलं, सुना, नातवंडं सगळी कुल्लूत. गावातली निम्मी धुराडी या वर्षी थंड आहेत. मोजायची नाही म्हटलं तरी छतावर उभं राहिलं की ती दिसतातच.

२० जानेवारी

बर्फ थांबला, आभाळ निवळलं आणि खरी थंडी आता आली. ढग असतात तेव्हा ते जमिनीची ऊब धरून ठेवतात. उघड्या आभाळाखाली रात्रीतून ती सगळी निघून जाते. सकाळी नळ गोठलेला. धार बारीक सोडून ठेवली होती, तीही काचेसारखी उभी. दीर आणि मी खाली झऱ्यावर जाऊन पाणी आणलं, बाकीचं बर्फ वितळवून. ताजा बर्फ दहा बादल्या टाकावा तेव्हा एक बादली पाणी हाती येतं, म्हणून ते गुरांना आणि भांड्यांना. पिण्याचं झऱ्याचंच.

वीज परवा रात्री गेली. मोबाइलचा टॉवरही. नवऱ्याचा शेवटचा निरोप मनालीहून होता: सोलंगच्या पुढे गाड्या सोडत नाहीत, सीमा सडक संघटनेची यंत्रं रस्त्यावर आहेत, मी थांबतो.

सासऱ्यांच्या गोळ्या सहा उरल्या आहेत. त्यांनी स्वतःच मोजून पुडीत बांधल्या आणि तो विषय संपवला.

बोगदा झाल्यापासून आमचं अंतर किलोमीटरमध्ये नाही, तासांत मोजतात. ९.०२ किलोमीटरचा अटल बोगदा, ३ ऑक्टोबर २०२० ला सुरू झाला. मनालीहून लेहकडे जाणारी वाट ४६ किलोमीटरनी कमी झाली. त्याआधी नोव्हेंबरात रोहतांगची खिंड बंद झाली की हे खोरं मेपर्यंत जगापासून तुटायचं. आता बोगद्याच्या आत बर्फ नाही, पण त्याच्या दोन्ही तोंडांबाहेर तोच डोंगर आहे आणि तेच उतार. ३० ते ४५ अंशांच्या उतारावरून हिमस्खलन सर्वांत जास्त सुटतात. चंडीगडची डीजीआरई ही संरक्षण खात्याची संशोधन संस्था हिमस्खलनाच्या धोक्याचे इशारे देते, तेव्हा प्रशासन रस्ता बंद ठेवतं. ठेवायलाच हवा.

रात्री कंदिलात सासरे बोलले. ते फारसे बोलत नाहीत. रोहतांग ३,९७८ मीटरवर. त्यांच्या तरुणपणी निकडीचं काम निघालं की हिवाळ्यातही माणसं पायी ओलांडायची, खिंडीच्या अलीकडच्या कोकसर गावातून मध्यरात्रीनंतर निघायची. रात्रीच्या थंडीने बर्फाचा वरचा थर कडक होतो, पाय रुतत नाही. ऊन चढायच्या आत माथा पार करून उतरायला लागायचं. पुढे त्यांनी मार्च १९७९ ची गोष्ट काढली. त्या महिन्यातल्या हिमस्खलनांत या खोऱ्यातली दोनशेहून जास्त माणसं गेली. सासरे म्हणाले, आवाज आधी येत नाही, आधी वारा येतो. त्यावर कुणीच काही बोललं नाही. अम्मांनी शेगडीत लाकूड सारलं आणि मुलीच्या अंगावर आणखी एक पट्टू, लोकरीची जाड शाल, टाकला.

मुलगी जागी होती. तिला हे ऐकू द्यावं का, असं क्षणभर मनात आलं. द्यावं. ती याच उताराखाली राहते. कुठल्या घळीतून बर्फ येतो आणि बर्फ पडून गेल्यावर कुठल्या वाटेने जायचं नाही, हे तिला घरच्या माणसाकडूनच कळायला हवं.

२७ जानेवारी

हालडा. तिथी लामांनी ठरवलेली. लाकडाच्या लांब चिरफळ्या एकत्र बांधून केलेल्या मशाली घराघरातून पेटवून निघतात आणि गावाबाहेर एका जागी त्यांची एकच आग होते. शिस्कर आपा या संपत्तीच्या देवीचा हा सण, इथलं नवं वर्ष. आमच्या घरची मशाल मोठ्या मुलाने न्यायची, तो नाही, म्हणून दिराने नेली. अम्मांनी सकाळपासून मार्चू, म्हणजे सणाच्या तळलेल्या पोळ्या, तळले, पहिल्या घाण्यातले चार बाजूला काढून फडक्यात बांधले. कुणासाठी ते विचारायची गरज नव्हती.

वाट पाहण्यात एका खोलीचा फार आधार असतो. वेगळ्या खोल्यांत पाच जणांनी पाच वेगळ्या काळज्या केल्या असत्या. इथे अम्मांची सुई थांबली की मला कळतं. मी भाजी चिरता चिरता दाराकडे पाहिलं की सासरे काहीतरी काम सांगतात. मुलगी "बाबा कधी येणार" विचारते तेव्हा उत्तर द्यायची पाळी आम्ही आळीपाळीने घेतो, आणि कुणीही उद्या म्हणत नाही. "रस्ता उघडला की," एवढंच.

त्या सहा गोळ्यांतल्या शेवटच्या दिवशी दीर केलाँगला, आमच्या जिल्ह्याच्या ठिकाणी, पायी जाऊन पुढच्या घेऊन आला. गुडघाभर बर्फात, जाऊन-येऊन अख्खा दिवस. आल्यावर त्याच्या पायमोज्यांतला बर्फ झटकत अम्मा त्याला रागावत होत्या आणि थुकपा, शेवयांचं गरम सूप, वाढत होत्या. ते मोजे त्यांनीच विणलेले. लाहौलच्या हातविणीच्या मोजे-हातमोज्यांना २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचं अम्मांना कौतुक आहे. पण त्याहून जास्त कौतुक नातीने पहिली टाच सरळ वळवली त्याचं.

३ फेब्रुवारी

आला! रस्ता सकाळी एकेरी उघडला, फक्त फोर-बाय-फोर गाड्यांना. मुख्य रस्त्यापासून वर गावापर्यंत तो आणि सिलिंडर दोघंही दिराच्या स्लेजवरून आल्यागत ओले. मुलीचे बूट एक नंबर मोठे, पुढच्या हिवाळ्यालाही चालतील. फडक्यातले मार्चू त्याने उभ्या उभ्या खाल्ले.

मग रात्री त्याने जे सांगितलं त्याची मला कल्पना होती. कुल्लूत त्याने दोन खोल्या बघून ठेवल्या आहेत. पुढच्या नोव्हेंबरात सगळेच खाली जाऊ, मार्च-एप्रिलमध्ये बटाटा-मटारच्या कामाला वर येऊ. सासऱ्यांना डॉक्टर जवळ, मुलीला चांगली शाळा. तो अडकून पडला तेव्हाच्या रात्री त्याने कशा काढल्या असतील हे मला कळतं. तो चुकीचं काहीच बोलत नव्हता.

तरी मी नाही म्हटलं. सगळ्यांसमोर, कारण इथे दुसरी जागा नाही. आम्ही गेलो तर पलीकडच्या दोघांच्या छतावर कोण चढणार? गुरं कुठे ठेवायची? सासऱ्यांनी घळींची नावं पुन्हा कधी उच्चारायची, कुल्लूतल्या गच्चीवर? सगळी सोय खाली आहे हे खरं, पण गाव रिकामं होत जातं ते असंच, एकेका समजूतदार घराने. आणि जितकी घरं कमी, तितका मागे राहिलेल्यांचा हिवाळा जड. मला हे पटवून द्यायचं नव्हतं, नुसतं सांगायचं होतं. आवाज चढलाच. अम्मा खिडकीकडे वळल्या नाहीत या वेळी. त्या आमच्याकडे बघत राहिल्या.

सासरे शेवटी म्हणाले, "मी आहे तोवर माझा तंदूर पेटेल. तुम्ही तुमचं ठरवा." त्याने प्रश्न सुटला नाही, उलट वाढला.

१८ फेब्रुवारी

गोचीचे दिवस. मागच्या वर्षात मुलगा झाला त्या घरांचा हा उत्सव, अख्खं गाव बर्फातून वाजतगाजत त्या घरी जातं. अलीकडे काही गावांनी मुलींसाठीही गोची सुरू केली आहे. आमच्या गावात अजून नाही. मी बायकांच्या बैठकीत हा विषय काढला आणि दोन म्हाताऱ्यांनी लगेच मान डोलावली. या वर्षी खालच्या वस्तीत एक बाळंतपण आहे. मुलगी झाली तर तिथूनच सुरुवात करायची, असं बोलणं झालंय. त्यासाठीही पुढच्या हिवाळ्यात मला इथे असायचं आहे.

१४ मार्च

आज शेतात माती फेकली. शरदात खणून कोपऱ्यात कोरडी झाकून ठेवलेली माती टोपल्यांतून नेऊन बर्फावर पातळ पसरायची. पांढरा बर्फ ऊन परतवतो, काळी माती ते शोषते. माती पडलेलं शेत बाकीच्यांच्या बरंच आधी उघडं होतं. इथे पेरणीचा हंगाम एवढासा, त्यात आठवडे वाचले तर मटार वेळेवर निघतो. सासरे बांधावर बसून कुठे दाट झाली, कुठे विरळ ते सांगत होते. मुलगी नव्या, मोठ्या बुटांनी सगळीकडे ठसे उमटवत होती.

नवऱ्याने टोपली ठेवली आणि आपण होऊन विषय काढला. कुल्लूच्या खोल्यांना त्याने नाही कळवलंय. पुढचा हिवाळा इथेच. सासऱ्यांच्या गोळ्या ऑक्टोबरातच पूर्ण हिवाळ्याच्या भरायच्या, दिराला एकट्याला केलाँगला पाठवायचं नाही, आणि पलीकडच्या दोघांना जानेवारी-फेब्रुवारीत आमच्या खोलीत आणायचं. हे शेवटचं अम्मांच्या डोक्यातलं. आठ जणांत जागा कशी करायची तेही त्यांनी ठरवून टाकलंय: दीर दाराजवळ आहे तिथेच, बाकी सगळे एकेक हात सरकतील.

मुलीचं मात्र आमचं जुळलेलं नाही. तो म्हणतो पाचवीनंतर कुल्लू. मी म्हणते केलाँगला बारावीपर्यंतची शाळा आहे. आज तेवढ्यावर थांबलो, कारण ऊन जात होतं आणि खालचं शेत अर्धं राहिलं होतं.