गज नाही, वाद्यच वळतं

आज बँकॉकमध्ये 'सो साम साय' हे गजाने वाजवायचं थाई तंतुवाद्य अगदी हातभर अंतरावरून ऐकलं. साम म्हणजे तीन, साय म्हणजे तारा. खालचा भाग नारळाच्या करवंटीचा, तीही साधी नाही, पाठीला तीन फुगीर उंचवटे असलेली. असा नारळ मुळातच दुर्मीळ! त्यावर ताणलेलं कातडं आणि रेशमाच्या तारा.

वाजवणाऱ्या आजी जमिनीवर बसल्या होत्या. मी त्यांच्या गजाकडेच बघत होते. मग लक्षात आलं, तार बदलताना गज आपल्या रेषेतच फिरतो, डाव्या हातातलं वाद्यच स्वतःभोवती हलकेच वळतं. सारंगी इतकी ऐकली, पण असं कधी पाहिलं नव्हतं.

१८०९ ते १८२४ या काळात राज्य करणारे थायलंडचे राजे दुसरे राम हे वाद्य स्वतः वाजवायचे.

तो गळ्यातून आल्यासारखा सूर अजून कानात आहे. उद्या परत जाणार.