सर्व्हरचे अपडेट शोधत बसायचं कशाला?

अंबड एमआयडीसीतल्या काही कारखान्यांचे सर्व्हर मी सांभाळतो, आणि अपडेटचं नाव काढलं की मालकांचा पहिला प्रश्न ठरलेला, "बंद नाही ना पडणार?" त्यांचं पण बरोबरच आहे म्हणा, ऐन डिस्पॅचच्या टायमाला चलन निघालं नाही तर शिव्या मलाच. पण फाइली लॉक करून खंडणी मागणाऱ्या वॉनाक्राय व्हायरसला रोखणारा पॅच (दुरुस्तीचा अपडेट) मार्च २०१७ मध्येच आला होता आणि हल्ला झाला मे मध्ये, हे सांगितलं की जरा गप्प होतात.

विंडोजचं आता बरंच सोपं झालंय, महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी पॅच येतात, आपल्याकडे तेव्हा रात्र असते, आणि सर्व्हर २०१६ पासून अपडेट क्युम्युलेटिव्ह असल्यामुळे मधले एक-दोन महिने राहिले तरी शेवटचा टाकला की मागचंही बहुतेक त्यातच येतं, एकेका अपडेटचा केबी नंबर (मायक्रोसॉफ्टने दिलेला ओळख क्रमांक) हुडकायला नको. सर्व्हर कोअर, म्हणजे डेस्कटॉप नसलेला, कमांडवर चालणारा विंडोज सर्व्हर असेल तर एसकॉन्फिग टाइप करा, मेनूतच अपडेटचा पर्याय आहे.

उबंटूवर (लिनक्सचा एक प्रकार) अनअटेंडेड-अपग्रेड्स हे पॅकेज चालू ठेवा, सिक्युरिटीचे अपडेट आपोआप पडतात. खरी गोम पुढे आहे, ते मूळ सेटिंगला स्वतःहून रीबूट करत नाही, म्हणजे नवा कर्नल (सिस्टिमचा गाभा) डिस्कवर आलेला आणि चालू मात्र जुनाच! म्हणून मी लॉगिन केलं की आधी व्हार-रन (/var/run) फोल्डरात रीबूट-रिक्वायर्ड नावाची फाइल दिसते का बघतो. दिसली की रीबूट बाकी आहे, आणि कुठल्या पॅकेजमुळे ते शेजारच्याच फाइलीत लिहिलेलं असतं. मग बॅकअप घ्यायचा, सुपरवायझरला फोन करायचा आणि सुट्टीच्या दिवशी उरकून टाकायचं.